खदानीचं पाणी: नुसतं गढूळ की घातक?

“दगडाच्या खदानीत रसायनं कुठे असतात? काळा पत्थर फोडायचा, खडी करायची. पावसात तिथलं पाणी गढूळ होणारच. ते ओढ्यात गेलं तर बिघडलं काय?”

शहापूर-मुरबाडच्या पट्ट्यात खदानीचा विषय निघाला की हा प्रश्न कुणीतरी विचारतंच. प्रश्न वावगा नाही. कारखान्याच्या पाइपातून येणारं रंगीत, उग्र वासाचं पाणी आपण लगेच ओळखतो. खदानीच्या पाण्याला वास नसतो आणि त्याने कुणी त्याच दिवशी आजारी पडत नाही. मग ते ओढ्यात सोडायला परवानगी, मानकं, तपासणी कशाला?

खर्डीच्या बाबतीत या प्रश्नाला जास्त वजन आहे. कसाऱ्याच्या अलीकडचं हे स्टेशन. मध्य रेल्वे, मुंबई-नाशिक महामार्ग आणि जून २०२५ मध्ये अखेरचा टप्पा खुला झालेला समृद्धी महामार्ग, तिन्ही खर्डीच्या शहापूर तालुक्यातून जातात आणि तिन्हींना खडी लागते. त्याच तालुक्याच्या डोंगरांत मुंबईचं पाणी साठतं. तानसा १८९२ पासून, मोडकसागर १९५७ पासून, मग भातसा, आणि २०१४ पासून मध्य वैतरणा. मुंबईच्या रोजच्या पाण्यातलं जवळपास निम्मं एकट्या भातसातून येतं. तरीही एप्रिल-मे महिन्यांत याच तालुक्यातले पाडे टँकरची वाट पाहत असतात, कारण पाडा धरणाचं पाणी पीत नाही. तो ओढ्याकाठच्या विहिरीचं पाणी पितो. ओढा बिघडला की त्याला दुसरी सोय नसते.

१. खदानीत सांडपाणी येतं कुठून?

तीन वाटांनी. पहिली वाट खड्ड्याची. दगड काढत काढत खदान खोल जाते. तिच्यात पावसाचं पाणी साठतं, बाजूच्या खडकातल्या भेगांमधून झरेही फुटतात. काम चालू ठेवायचं तर हे पाणी पंपाने उपसून बाहेर टाकावं लागतं.

दुसरी वाट क्रशरची. दगड भरडताना धूळ उडते. ती दाबण्यासाठी पाण्याचे फवारे मारतात, काही ठिकाणी खडी आणि कच धुतात. या पाण्यात दगडाची भुकटी असते.

तिसरी वाट सगळ्यात मोठी आणि सगळ्यात दुर्लक्षित आहे. खदान सुरू करताना वरची माती आणि मुरूम खरवडून बाजूला ढीग लावतात. क्रशरजवळ कचेचे ढीग असतात. डंपरच्या कच्च्या रस्त्यावर चाकांनी दळलेली धूळ असते. जूनच्या पावसाने हे सगळं एकदम सुटतं आणि उतार मिळेल तिकडे वाहतं.

या तिसऱ्या वाटेमुळे नियमनाची पंचाईत होते. कारखान्याला सांडपाण्याचं एक तोंड असतं. तिथे मीटर बसवता येतो, नमुना घेता येतो. खदानीचं पाणी मात्र चारी बाजूंनी सुटतं, तेही वर्षातले आठ महिने जवळपास नसतं आणि चार महिने आवरत नाही. आपले जलप्रदूषणाचे नियम मुळात पाइप डोळ्यांसमोर ठेवून घडले आहेत. पुढचं सगळं वाचताना ही अडचण लक्षात ठेवा.

२. सगळ्या खाणी सारख्या नसतात

कोळशाच्या आणि काही धातूंच्या खाणींत पायराइट नावाचं खनिज असतं. लोह आणि गंधक यांचं हे संयुग. जमिनीखाली ते निपचित असतं. खाणीमुळे हवा आणि पाणी मिळालं की त्यातून गंधकाम्ल तयार होतं आणि ते आम्ल आसपासच्या खडकातले धातू विरघळवत जातं. मेघालयातल्या जयंतिया टेकड्यांमध्ये कोळशाच्या बिळांसारख्या खाणींनी नद्यांची अशीच वाट लावली. राष्ट्रीय हरित लवादाने एप्रिल २०१४ मध्ये त्या पद्धतीवर बंदी घातली.

गोव्याचं दुखणं वेगळं होतं. तिथे लोहखनिजाच्या खाणी, त्यांच्या माथ्यावर मातीचे डोंगर, आणि कोकणातलाच पाऊस. लाल चिखल शेतांत आणि नद्यांत उतरत राहिला. बेकायदा खाणकामाचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात गेला आणि २०१२ मध्ये राज्यातलं खाणकामच थांबलं. सीमेच्या अलीकडे, सिंधुदुर्गातल्या दोडामार्ग तालुक्यात, कळणे इथल्या खाणीचा बांध जुलै २०२१ च्या अखेरीस फुटला आणि साठलेलं चिखलपाणी गावात आणि बागायतीत घुसलं. आम्ल नव्हतं, विष नव्हतं. नुसत्या मातीने आणि पाण्याने शेतं गेली.

आता खर्डी. इथला दगड म्हणजे दख्खनचा बेसाल्ट, आपला काळा पत्थर. त्यात पायराइट नगण्य असतं, उलट थोडंफार आम्ल शमवू शकतील अशी खनिजं असतात. त्यामुळे इथल्या खदानीचं पाणी आम्लधर्मी होण्याची भीती जवळपास नाही. सुरुवातीच्या प्रश्नात एवढं तथ्य आहे.

पण दोन गोष्टी तरीही पाण्यात उतरतात. एक, यंत्रांचं आणि डंपरचं तेल. दुसरी, सुरुंगाचा अंश. खदानीत सर्रास वापरलं जाणारं स्फोटक म्हणजे अमोनियम नायट्रेट आणि डिझेल यांचं मिश्रण. त्यात सुमारे ९४ टक्के अमोनियम नायट्रेट असतं, म्हणजे खताचाच भाऊ. सुरुंग भरताना सांडलेलं किंवा नीट न उडालेलं नायट्रेट पाण्यात सहज विरघळतं आणि गाळासारखं तळाशी बसतही नाही. पिण्याच्या पाण्यात लिटरमागे ४५ मिलिग्रॅमपेक्षा जास्त नायट्रेट असू नये, असं भारतीय मानक सांगतं, कारण तान्ह्या बाळांच्या रक्ताची प्राणवायू वाहण्याची ताकद त्याने घटते. कोळसा खाणींच्या सांडपाण्यासाठी केंद्राने जी मानकं ठरवली आहेत, त्यांत नायट्रेटमधल्या नायट्रोजनची मर्यादा लिटरला १० मिलिग्रॅम आहे. आकडे वेगळे दिसतात, पण १० मिलिग्रॅम नायट्रोजन म्हणजे सुमारे ४४ मिलिग्रॅम नायट्रेट. मर्यादा एकच आहे, मोजायची रीत वेगळी. खदानीला लागून पाड्याची विहीर असेल तर गढूळपणाच्या जोडीला ही तपासणी मागायलाच हवी.

३. गाळ काय करतो?

पहिल्या पावसात, वलगणीच्या दिवसांत, मासे प्रवाहाच्या उलटे वर चढतात आणि उथळ पाण्यात अंडी घालतात. शहापूर-मुरबाडच्या कातकरी आणि ठाकूर पाड्यांना हे दिवस तोंडपाठ असतात. खदानीतून सगळ्यात जास्त गाळ सुटतो तोही याच दिवसांत, कारण आठ महिन्यांची भुकटी पहिल्या दोन-चार सरींत धुऊन निघते. ओढ्याच्या तळाच्या गोट्यांमधल्या फटी त्या गाळाने बुजतात. अंड्यांना खेळतं पाणी मिळत नाही. माशांचं खाद्य असलेले किडे याच फटींत राहतात, तेही जातात. विषाचा थेंबही न पडता ओढा रिकामा होतो.

भातखाचरात दगडाची भुकटी साचली की ती वाळल्यावर घट्ट पापुद्रा धरते. नदीचा गाळ सुपीक असतो, असं आपण शाळेत शिकलो. तो गाळ मातीचा असतो, त्यात कुजलेला पालापाचोळा असतो. ताज्या भरडलेल्या दगडाच्या पिठात तो नसतो, म्हणून या दोघांना एका मापाने मोजू नये.

बंधाऱ्यांचं नुकसान सरळ आहे. गाळाने जेवढी जागा भरली, तेवढं पाणी कमी साठलं. पुढे विहिरीकडे झिरपणारं पाणीही घटलं. म्हणजे जुलैत सोडलेल्या गढूळ पाण्याची झळ एप्रिलमध्ये लागते, आणि तोवर दोघांचा संबंध कुणाच्या लक्षात राहत नाही.

४. मिलिग्रॅमचं गणित

सांडपाण्याच्या सर्वसाधारण मानकांनुसार ओढ्या-नदीत सोडायच्या पाण्यात तरंगता गाळ लिटरला १०० मिलिग्रॅमपर्यंत चालतो. सामू, म्हणजे आम्ल-अल्कधर्माचं माप, ५.५ ते ९ च्या दरम्यान हवा आणि तेल-ग्रीस १० मिलिग्रॅमच्या आत.

१०० मिलिग्रॅम म्हणजे ग्रॅमचा दहावा भाग. एका लिटरमध्ये चिमूटभरही नाही. पण एक उदाहरण करून पाहू. समजा, खदान ४ हेक्टरची आहे आणि एका दिवसात १०० मिलिमीटर पाऊस झाला. सह्याद्रीच्या पायथ्याशी असे दिवस दर पावसाळ्यात येतात. ४ हेक्टर म्हणजे ४०,००० चौरस मीटर. त्यावर ०.१ मीटर पाणी, म्हणजे ४,००० घनमीटर, म्हणजे ४० लाख लिटर. दहा हजार लिटरचा टँकर धरला तर ४०० टँकर. उघड्या खडकात पाणी फारसं मुरत नाही, म्हणून ते सगळं वाहिलं असं धरू.

हे पाणी अगदी मर्यादेत, लिटरला १०० मिलिग्रॅम गाळ घेऊन गेलं तरी त्या एका दिवसात ४०० किलो गाळ ओढ्यात जातो. आणि पाणी निवळलंच नाही, गाळ लिटरला २,००० मिलिग्रॅम राहिला, तर ८ टन. पहिल्या बाबतीत ओढा सोसतो, दुसऱ्या बाबतीत एका दिवसात एक छोटा डंपर ओढ्यात रिता केल्यासारखं होतं. फरक पडतो तो मधल्या निवळण्याने.

५. निवळण्याचं टाकं किती मोठं हवं?

तांदळाचं धुवण भांड्यात ठेवलं तर कणीचे तुकडे क्षणात तळाशी जातात आणि दुधाळपणा मात्र तासन् तास तसाच राहतो. खदानीच्या पाण्याचंही असंच असतं, आणि वेळेतला फरक चक्रावून टाकणारा आहे. ०.१ मिलिमीटरचा वाळूचा कण एक मीटर खोल पाण्यातून दोन मिनिटांत तळ गाठतो. त्याच्या दहापट बारीक, ०.०१ मिलिमीटरचा कण सुमारे तीन तास घेतो. आणखी दहापट बारीक, चिकणमातीएवढा कण जवळपास तेरा दिवस. कण दहापट लहान झाला की बसायला शंभरपट वेळ लागतो.

आता मघाचंच उदाहरण पुढे नेऊ. ४,००० घनमीटर पाणी दहा तासांत आलं, म्हणजे ताशी ४०० घनमीटर. खदानमालकाने २० मीटर लांब, १० मीटर रुंद, २ मीटर खोल टाकं खणलं आहे. बघायला चांगलं मोठं दिसतं. पण त्यात मावतं ४०० घनमीटर, म्हणजे पाणी टाक्यात जेमतेम एक तास थांबतं. मधल्या आकाराच्या कणाला दोन मीटर उतरायला सहा तास लागणार. तो टाक्याच्या एका टोकाने आत येतो आणि दुसऱ्या टोकाने आरामात बाहेर पडतो.

मग टाकं खोल करायचं? इथेच बहुतेकांची फसगत होते. खोली दुप्पट केली तर पाणी दुप्पट वेळ थांबेल, पण कणाला अंतरही दुप्पट कापावं लागेल. हाती काही लागत नाही. गाळ बसण्याच्या हिशोबात खोलीला महत्त्व नाही, महत्त्व पसरटपणाला आहे. मधल्या आकाराचा कण सेकंदाला सुमारे ०.०९ मिलिमीटर उतरतो. त्याला पकडायचं तर या प्रवाहाला साधारण १,२०० चौरस मीटरचं टाकं लागेल, म्हणजे ३५ मीटर बाय ३५ मीटर. आपल्या खदानमालकाचं टाकं आहे २०० चौरस मीटरचं, गरजेचा सहावा हिस्सा. खोली हवी ती साचलेला गाळ मावण्यापुरती, आणि तो गाळ पावसाळ्याआधी काढलेला असला पाहिजे. काठोकाठ भरलेलं टाकं म्हणजे नुसती वाट.

याहून बारीक कणांसाठी मोठं टाकंही पुरत नाही. तिथे आपली घरची तुरटी कामाला येते. ती बारीक कणांना एकमेकांना चिकटवून जड करते. एवढ्या पाण्याला किती तुरटी लागेल, हे प्रयोगशाळेत नमुन्यावर पाहून ठरवावं लागतं.

पण सगळ्यात स्वस्त उपाय टाक्याच्या आधी येतो. खदानीच्या वरच्या अंगाला चर खणायचा, म्हणजे डोंगरावरून येणारं स्वच्छ पाणी खदानीत शिरतच नाही, बाहेरून वळसा घेऊन ओढ्याला मिळतं. खदानीच्या आतलं पाणी तेवढं टाक्यात. स्वच्छ आणि गढूळ पाण्याची गाठ पडू दिली नाही की अर्धी लढाई जिंकली. मातीच्या ढिगाला पायथ्याशी दगडी बांध घातला आणि वर गवत लावलं, तर उरलेल्यातलंही बरंच सोपं होतं. यातलं काहीही परदेशी तंत्रज्ञान नाही. एक जेसीबी आणि थोडी इच्छा पुरते.

६. कायद्याच्या हाती काय आहे?

“पण तो ओढा उन्हाळ्यात कोरडाच असतो की!” हा युक्तिवाद नेहमी होतो, आणि कायद्याने तो पन्नास वर्षांपूर्वीच निकालात काढला आहे. १९७४ च्या जलप्रदूषण कायद्यात ‘प्रवाह’ या शब्दाच्या व्याख्येत नदी, ओढा, तूर्तास कोरडा असलेला ओढा आणि जमिनीखालचं पाणी, हे सगळं येतं. मे महिन्यात कोरड्या ओढ्यात कचेचा ढीग लावणं हेही याच कायद्याच्या कक्षेत येऊ शकतं. कलम २४ नुसार मानकांबाहेरचं प्रदूषक द्रव्य प्रवाहात जाऊ देणं मना आहे. प्रवाहाला अडथळा होऊन प्रदूषण बरंच वाढेल, असा कुठलाही पदार्थ टाकणंही मना आहे. “ही तर नुसती माती” या बोलण्याला दुसरा भाग उत्तर देतो.

सांडपाणी सोडणाऱ्या उद्योगाला महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती लागते, एकदा उभारणीआधी आणि एकदा चालवण्याआधी. मंडळ १९७० पासून आहे. संमतीपत्रात अटी लिहिलेल्या असतात. मात्र एक गंमत पाहा. खडी क्रशरसाठी केंद्राने खास मानक केलं आहे ते हवेतल्या धुळीचं. धूळ दाबायला पाणी मारा, असा त्याचा रोख. मारलेल्या पाण्याचं पुढे काय, याला सर्वसाधारण मानक लावायचं. त्यामुळे तपासणीला आलेला माणूस आधी वर बघतो, आभाळाकडे. खाली चराकडे बघायला त्याला कुणीतरी सांगावं लागतं.

दुसरी साखळी पर्यावरण मंजुरीची. दगड, मुरूम, वाळू ही गौण खनिजं. त्यांचे नियम राज्य करतं आणि पट्टा जिल्हा प्रशासनाकडून मिळतो. छोट्या खदानींना पूर्वी पर्यावरण मंजुरीतून सूट मिळे. फेब्रुवारी २०१२ मध्ये दीपक कुमार विरुद्ध हरियाणा राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने पाच हेक्टरांखालच्या पट्ट्यांनाही ती बंधनकारक केली. मोठी खदान चार तुकड्यांत दाखवून सुटण्याची पळवाट त्यामुळे अरुंद झाली. मंजुरीच्या पत्रात चर, टाकं, झाडं यांच्या अटी येतात, आणि त्या पाळल्याचा अहवाल दर सहा महिन्यांनी द्यायचा असतो. ही कागदपत्रं माहितीच्या अधिकारात मागता येतात.

खर्डीपुरत्या आणखी दोन गोष्टी महत्त्वाच्या आहेत. तानसा अभयारण्य इथून जवळ आहे, आणि अभयारण्यात आणि त्याच्या सीमेपासून एक किलोमीटरच्या आत खाणकाम चालणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२३ मध्ये सांगितलं. दुसरी गोष्ट, शहापूर तालुका अनुसूचित क्षेत्रात मोडतो, मुरबाडचा काही भागही. १९९६ च्या पेसा कायद्यानुसार तिथे गौण खनिजाचा पट्टा देण्याआधी ग्रामसभेची किंवा योग्य स्तरावरच्या पंचायतीची शिफारस लागते. माझ्या मते खदानीच्या पाण्यावरचं सगळ्यात धारदार हत्यार हेच आहे, कारण बाकीचे सगळे कायदे पाणी गढूळ झाल्यावर जागे होतात.

शिक्षेचं म्हणाल तर कलम २४ मोडल्यास दीड ते सहा वर्षांच्या तुरुंगवासाची तरतूद कायद्यात होती. फेब्रुवारी २०२४ मध्ये संसदेने दुरुस्ती करून अनेक गुन्ह्यांसाठी तुरुंगाऐवजी दहा हजार ते पंधरा लाख रुपयांच्या दंडाची वाट धरली. आधी हिमाचल प्रदेश, राजस्थान आणि केंद्रशासित प्रदेशांत, इतर राज्यांनी ठराव केल्यावर तिथे. दंड वसूल होणं सोपं जाईल, असा त्यामागचा विचार. चालत्या खदानीला दंड हा धंद्याच्या खर्चातला एक आकडा वाटणार नाही ना, ही शंका मात्र राहते.

७. बाटली भरून आणली तर?

गावकरी गढूळ पाणी बाटलीत भरून कार्यालयात नेतात आणि “हा पुरावा धरता येत नाही” असं ऐकून परततात. हे उत्तर खोटं नसतं, पण अर्धं असतं. कलम २१ प्रमाणे न्यायालयात टिकणारा नमुना मंडळाच्या अधिकाऱ्यानेच घ्यावा लागतो. खदानवाल्याला तशी सूचना देऊन, त्याच्यासमोर, दोन भाग करून, सील आणि सह्या करून. बाटलीने खटला उभा राहत नाही, पण तक्रार उभी राहते. ठिकाण, तारीख, वेळ आणि त्या दिवशीचा पाऊस लिहून लेखी तक्रार दिली की मंडळाला दखल घ्यावी लागते. मंडळ हललंच नाही तर कलम ४९ खाली साठ दिवसांची नोटीस देऊन कुणीही नागरिक स्वतः न्यायालयात जाऊ शकतो. राष्ट्रीय हरित लवादाचं पश्चिम विभागाचं पीठ पुण्यात आहे.

वेळ मात्र चुकवू नये. फेब्रुवारीत घेतलेला नमुना निर्मळच येणार. गाळ मोजायचा तर जूनच्या पहिल्या जोरदार सरींत, खदानीच्या वर एक आणि खाली एक, अशा दोन जागी मोजावा. वरचं पाणी स्वच्छ आणि खालचं गढूळ निघालं तर वाद उरत नाही. दोन्हीकडे गढूळ निघालं तर दोष दुसरीकडे आहे, आणि तेही कळणं गरजेचं आहे.

उपसलेलं पाणी नेहमी शत्रूच असतं असं नाही. नागपूर जिल्ह्यात पाटणसावंगी इथे वेस्टर्न कोलफील्ड्सने खाणीतलं पाणी शुद्ध करून ‘कोल नीर’ नावाने बाटलीबंद केलं. खर्डीच्या खदानींना बाटल्या भरायची गरज नाही. खड्ड्यातलं पाणी नीट निवळवून, नायट्रेट तपासून, मार्च-एप्रिलमध्ये गुरांना आणि भाजीच्या वाफ्यांना दिलं तरी टँकरच्या काही खेपा वाचतील. पट्ट्याच्या करारातच ही अट घालता येते.

तेव्हा तुमच्या ग्रामसभेपुढे खदानीचा प्रस्ताव आला, तर रोजगार किती आणि रस्ता कोण करणार, हे विचारून झाल्यावर आणखी तीन गोष्टी मागा: वरच्या अंगाच्या चराचा नकाशा, निवळण्याच्या टाक्याचं क्षेत्रफळ चौरस मीटरमध्ये, आणि दर मे महिन्यात टाकं उपसलं जाईल याची लेखी हमी. तिन्ही कागद हाती येईपर्यंत शिफारशीचा ठराव करू नका.